सोलापुरात प्लांटेड टँक करायचाय? मग प्लॅनिंग मे महिन्यापासून उलटं करा

कुणी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत झाडं लावलेला माशांचा टँक, करायचा म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठली झाडं घेऊ. मी म्हणतो झाडं राहू द्या जरा बाजूला, आधी दोन गोष्टी बघा, तुमच्या घरात येणारं पाणी आणि तुमच्या घरातला मे महिना. या दोन गोष्टींवर सोलापुरातला टँक टिकतो किंवा बसतो, बाकी दगड, लाकूड, लाईट हे सगळं नंतर येतं.

कारण साधं आहे. आपण सगळे जे फोटो बघून या छंदाकडे ओढले जातो, हिरवागार गालिचा, मधे तीन दगड, वर माशांचा थवा, ती स्टाईल जपानची. ताकाशी अमानो (१९५४ ते २०१५) नावाच्या माणसाने ती जगभर नेली, आणि मी त्यांच्या कामाचा मनापासून चाहता आहे. पण त्या टँकमधलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, साधारण २४-२५ डिग्रीला ठेवलेलं असतं आणि वरून सीओटू, म्हणजे झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस, सोडलेला असतो. आपल्याकडे पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचं, उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ डिग्री, आणि स्लॅबखालच्या खोलीत रात्रीसुद्धा भिंती गरम. तोच फोटो समोर ठेवून तीच झाडं आणली तर मार्चपर्यंत सगळं छान दिसतं आणि एप्रिलमध्ये झाडं विरघळायला लागतात. म्हणून प्लॅन मे महिन्यासाठी करायचा, मे निघाला की बाकीचे अकरा महिने सोपे आहेत.

आधी पाणी. घरात नळाचं आणि बोअरचं असं दोन्ही असेल तर दोन्ही वेगवेगळं तपासा. आपलं गाव दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलंय, जमिनीत मुरलेलं पाणी त्या खडकातून आणि चुनखडीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन वर येतं, त्यामुळे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, बादलीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तो हाच. लोक टीडीएस मीटर बुडवतात आणि आकडा बघून ठरवतात, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यात मीठही आलं, त्यावरून पाणी किती जड ते नीट कळत नाही. त्यासाठी जीएच आणि केएचचं किट घ्या. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे ते, आणि केएच म्हणजे बायकार्बोनेट किती आहे ते. यातला केएच जास्त महत्त्वाचा, कारण तो पीएचला (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) वर धरून ठेवतो. केएच जास्त असेल तर पीएच कमी करायची बाटली कितीही ओता, पीएच पुन्हा वर येणार आणि मधल्या मधे माशांना झटके बसणार. तसल्या बाटल्यांवर पैसे घालू नका. आरओचं पाणी मिसळलं की केएच खरा खाली येतो, निम्मं नळाचं आणि निम्मं आरओचं घेतलं की जडपणा जवळपास निम्मा होतो, इतका सरळ हिशेब आहे.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात साठवण आलीच, आणि ती टँकच्या फायद्याची आहे. उघड्या बॅरलमध्ये एअर स्टोन (एअर पंपाला जोडायचा, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून दिवसभर ठेवलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर दुकानात अँटी क्लोरीन मिळतं, त्यातला मुख्य माल म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फक्त बॅरलवर जाळी बांधा, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो.

आता एक गोष्ट जी इथे फार लोकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात टँकचं पाणी भराभर कमी होतं आणि आपण वरून तेच बोअरचं पाणी भरत राहतो. पण हवेत जातं ते निव्वळ पाणी, क्षार टँकमध्येच राहतात, आणि नव्या पाण्याबरोबर अजून क्षार येतात. काचेवर पाण्याच्या रेषेत जी पांढरी कड चढते, नखाने खरवडली तर पावडर पडते, ती म्हणजे या हिशेबाची पावती. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायचं तर ते आरओचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या (पहिल्या एक-दोन सरी जाऊ द्या, गच्चीवरची धूळ धुवून निघाली की मग साठवा), आणि नेहमीचं पाणी फक्त वॉटर चेंजच्या वेळी वापरा. भर घालणं आणि पाणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत.

उन्हाळ्याचं गणित जरा नीट बघू. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३३ डिग्रीला साधारण ७.२. फरक लहान वाटतो, पण त्याच वेळी माशाचं शरीर गरमीने जास्त जोरात चालत असतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तळातल्या बॅक्टेरियालाही जास्त लागतो. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात हे खरं, पण रात्री तीही घेतातच, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ दुपारची नसून पहाटेची असते, उजाडायच्या आत मासे वर तोंड काढून उभे असतात ते यामुळे.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे पंखा. पाणी थंड करायचं मशीन म्हणजे चिलर महाग आहे, बर्फाच्या पिशव्यांनी तापमान खालीवर होतं आणि झाडं-मासे दोन्ही वैतागतात. टँकचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावा. पाणी वाफ होऊन उडताना स्वतःबरोबर उष्णता घेऊन जातं, आणि किती नेतं ते ऐकून भरवसा बसेल, एक लिटर पाणी उडालं तर शंभर लिटर पाणी साडेपाच-पावणेसहा डिग्रीने थंड होईल इतकी उष्णता जाते. अर्थात बाहेरून उष्णता आत येतच असते म्हणून प्रत्यक्षात २ ते ४ डिग्रीचा फरक धरा. आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी, हे इथे आपल्या बाजूचं आहे, मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा एवढं काम करत नाही. बाकी जागा निवडताना पश्चिमेची भिंत, खिडकीचं ऊन आणि वरच्या मजल्याची पत्र्याची किंवा स्लॅबखालची खोली टाळा, आणि लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असूच द्या.

जड आणि गरम पाण्याचा अजून एक धोका आहे तो अमोनियाचा. माशांची घाण, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यातून अमोनिया होतो. तो पाण्यात दोन रूपात असतो, एक फारसं त्रास न देणारं आणि एक विषारी, आणि कुठलं रूप किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ आणि २५ डिग्रीला एकूण अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपास विषारी असतो, पीएच ८ आणि ३२ डिग्रीला तोच ८ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे तेवढ्याच घाणीत पंधरापट विष. म्हणून नवा टँक भरला आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले हे आपल्या पाण्यात अजिबात चालत नाही. फिल्टरमध्ये आणि तळात बॅक्टेरिया वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासे. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा, क्लोरीनने तेच बॅक्टेरिया मरतात.

आता झाडं, आणि आशियातलीच का ते. एक तर खरंच सुंदर आहेत, आणि दुसरं म्हणजे आपल्या गरमीत टिकणारी, जड पाणी चालवून घेणारी बरीच झाडं आशियातलीच आहेत, त्यातली कितीतरी आपल्याच देशातली. मागच्या रांगेला व्हॅलिसनेरिया घ्या, लांब पट्ट्यांसारखी पानं, ती बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेते, म्हणजे जे जड पाणी दुसऱ्या झाडांना अडचण तेच तिचं जेवण. लिम्नोफिला, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, वॉटर विस्टेरिया ही भारतातली झाडं भराभर वाढतात, आणि नव्या टँकमध्ये भराभर वाढणारं झाड पाहिजेच, कारण पाण्यातलं जास्तीचं खाद्य तेच ओढून घेतं आणि शेवाळाला काही उरत नाही. मी तर म्हणेन पहिल्या दिवशी टँकचा निम्म्याहून जास्त तळ झाडांनी भरलेला असावा, चार काड्या लावून वाढायची वाट बघत बसला की त्या रिकाम्या जागेत शेवाळ येतं.

मधल्या जागेला क्रिप्टोकोरायनी, लोक नुसतं क्रिप्ट म्हणतात. श्रीलंकेची वेंडटी सगळ्यात सोपी, कमी लाईटमध्येही तपकिरी-हिरवी मस्त होते. आपल्या पश्चिम घाटातलीही क्रिप्ट आहे, स्पायरॅलिस, पिळदार लांब पानांची, मागच्या कोपऱ्यात फार छान दिसते. क्रिप्ट लावल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यात पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग हात लावला की जेलीसारखी निघून येतात, आणि माणूस घाबरून झाड उपटून फेकतो. उपटू नका! मुळं जिवंत असतात, मेलेली पानं तेवढी कात्रीने काढा आणि बुंध्याला शांत राहू द्या, नवीन पाण्यात नवीन पानं येतात. जागा मात्र बदलत बसू नका, क्रिप्टला हलवलेलं आवडत नाही.

रोटाला रोटुंडिफोलियाची गंमत वेगळी. नर्सरीत ती बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेली असते म्हणून पानं गोल असतात, पाण्यात गेली की गोल पानं गळून बारीक लांबट येतात, लाईट चांगला असेल तर शेंडे गुलाबी होतात. तिची बहीण रोटाला मॅक्रॅन्ड्रा, लालभडक, दक्षिण भारतातलीच आहे पण तिला मऊ पाणी आणि सीओटू पाहिजे, आपल्या पाण्यात सुरुवातीला तिच्या नादी लागू नका. जावा फर्न आणि बोर्निओची बुसेफॅलँड्रा ही दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची झाडं, त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. जावा मॉस हिवाळ्यात जोरात असतो, मे महिन्यात तपकिरी पडतो, तो पंख्याच्या खाली आणि फिल्टरच्या धारेजवळ ठेवा.

एक विनंती. कासच्या पठारावर फुलणारा वायतुरा किंवा घाटातल्या ओढ्यातली क्रिप्ट दिसली म्हणून उपटून आणू नका. वायतुरा जगात फक्त सह्याद्रीच्या थोड्याशा भागात उगवतो, टँकमध्ये तो जगवणं अवघड आहे आणि तिथून एक कंद गेला तर तिथला गेलाच. दुकानात वाढवलेली झाडं मिळतात ना, ती घ्या.

तळ आणि दगड यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे आपल्या गावचा खास घोटाळा होतो. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून लोक ती तळाला घालतात. ती चिकण आहे, भिजली की फुगते, हात घातला की टँक गढूळ, आणि आपल्या बऱ्याच रानात तिच्यात चुनखडीचे खडे असतात ते पाणी अजून जड करतात. त्यापेक्षा खत न मिसळलेली लाल माती चाळून २-३ सेंटिमीटर घाला, तिच्यात लोह असतं, आणि वर किमान ४ सेंटिमीटर धुतलेली वाळू. विकतची ॲक्वा सॉइल, म्हणजे टँकसाठीच बनवलेली दाणेदार माती, चांगलीच असते, पण ती केएच शोषून पाणी मऊ करते आणि आपलं पाणी इतकं जड की तिची ती ताकद लवकर संपते, तिचा पूर्ण फायदा पाहिजे तर आरओ मिसळावंच लागेल.

दगडाची परीक्षा घरच्या घरी होते. कोरडा दगड घ्या, त्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका आणि अगदी जवळून बघा, बारीक बुडबुडे उठले, कानाजवळ नेला तर हलकी चरचर ऐकू आली, तर त्यात चुना आहे. शहाबादी फरशीचे तुकडे प्रत्येक घराच्या मागे पडलेले असतात आणि थरावर थर रचले की दिसायलाही भारी दिसतात, पण शहाबादी म्हणजे चुनखडक, टँकमध्ये घातला की जडपणा चढतच राहणार. त्याऐवजी साधा काळा पाषाण घ्या, टँकमध्ये तो जाणवण्याइतकं काही सोडत नाही आणि त्याच्या गडद रंगावर हिरवं झाड जे उठून दिसतं ते कुठल्याच महागड्या इंपोर्टेड दगडावर दिसत नाही, हे माझं ठाम मत. फक्त त्याच्या भोकांमध्ये पांढरे खडे असतील तर तिथेही थेंब टाकून बघा, कधी कधी ते कॅल्साइट म्हणजे चुन्याचेच खडे असतात. वाळूलाही हीच परीक्षा, नदीच्या वाळूत कधी कधी शिंपल्यांचा चुरा असतो. लाकूड पूर्ण वाळलेलं पाहिजे, उकळून आणि काही दिवस बुडवून ठेवून मग आत, पाणी थोडं चहासारखं झालं तर त्याने नुकसान नाही. देशी बदामाची वाळलेली पानं दोन-तीन टाकली तरी तसाच रंग येतो आणि आशियाच्या ओढ्यातले मासे त्यात खुश असतात.

मांडणी करताना टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्या, तळ वगळून साठेक लिटर पाणी बसतं. यापेक्षा लहान टँक लवकर तापतो. काच, माती, दगड धरून वजन ९०-१०० किलो होतं, स्टँड तसा भक्कम पाहिजे. वाळू पुढे ४-५ सेंटिमीटर आणि मागे १० पर्यंत चढती ठेवा, एवढ्यानेच खोली दिसते. मुख्य दगड बरोब्बर मधे ठेवू नका, लांबीचे तीन भाग करून एका रेषेवर ठेवा, जपानी पद्धतीत दगड विषम संख्येत, एक मोठा आणि बाकीचे त्याच्याकडे झुकलेले असतात. सगळ्या दगडांच्या रेघा एकाच दिशेला असू द्या, कारण खऱ्या ओढ्यात पाणी त्यांना एकाच बाजूने घासतं. आधी कोरडी मांडणी करा, मोबाईलवर फोटो काढा, दोन दिवस जाता-येता बघा, पटली की मग पाणी.

लाईट एलईडी, साठ लिटरला १२०० ते १८०० लुमेन (उजेडाचं माप) पुरे, टायमर लावून सुरुवातीला रोज ६ तास, झाडं धरली की ८. जास्त लाईट म्हणजे जास्त वाढ असं नसतं, कार्बन आणि खाद्य कमी पडलं तर उरलेला लाईट शेवाळ वापरतं. सीओटूचा सिलेंडर पहिल्या टँकला नको, वर सांगितलेली झाडं त्याच्याशिवाय वाढतात, आणि मे महिन्यात आधीच ऑक्सिजन कमी असताना सीओटू जास्त गेला तर मासे गुदमरतात. खताचं एक लक्षात ठेवा, नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या तर लोह कमी पडतंय, कारण जास्त पीएचला लोह झाडाला मिळेल अशा रूपात राहत नाही. चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो तोच प्रकार. पाण्यात टाकायच्या लोहापेक्षा मुळाशी पुरायची गोळी इथे जास्त लागू पडते.

मासे शेवटी. गुरामी आपल्या उन्हाळ्यासाठी जणू ठरवून केलेला मासा आहे, त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, तो वर येऊन सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो. भर दुपारी बघत बसा, हनी गुरामी सावकाश वर येतो, पृष्ठभागाला तोंड लावून एक घोट घेतो, बारीक बुडबुडा सोडतो आणि पुन्हा पानांमध्ये शिरतो, हे तो थंडीतही करतो, त्यात घाबरायचं काही नाही. बार्बसारखे बाकीचे मासे मात्र वर येऊन भराभर तोंड मारायला लागले तर ती धोक्याची खूण, लगेच एअर पंप. साठ लिटरला हनी गुरामी एक नर दोन माद्या, श्रीलंकेचे चेरी बार्ब आठेक, आणि तळाला कुली लोच पाच-सहा, एवढं भरपूर झालं. केरळचा डेनिसन बार्ब, ज्याला मिस केरळ म्हणतात, दिसायला अप्रतिम आहे पण तो चार-पाच इंच लांब होतो, थव्याने राहतो, त्याला थंड वाहतं पाणी लागतं आणि निसर्गात तो धोक्यात आलेला आहे, दोन फुटात त्याला कोंडू नका. आणि मोठा झालेला मासा किंवा कापलेली झाडं सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात नेऊन सोडू नका, भारतभर कितीतरी तळ्यांमध्ये सकर फिशने (काचेवरचं शेवाळ खायला म्हणून विकला जाणारा परदेशी मासा) जो उच्छाद मांडलाय तो असाच घरातून सोडलेल्या माशांपासून सुरू झाला.

सुरुवात कधी करायची तर गणपती ते दिवाळीच्या मधे. तेव्हा पाणी ना फार गरम ना गार, बॅक्टेरिया नीट वाढतात, थंडीत झाडं मुळं धरतात आणि होळीपर्यंत टँक भरलेला असतो. मुळं धरलेला टँक मे सोसतो, एप्रिलमध्ये लावलेला नाही.

आपल्याकडे पाण्याची ओढ असताना हे बरं दिसतं का, असं घरातले विचारतात आणि तो प्रश्न बरोबर आहे. साठ लिटरच्या टँकला आठवड्याला २० टक्के पाणी बदललं तर १२ लिटर होतात, म्हणजे एक बादलीसुद्धा पूर्ण नाही. आणि ती बादली मोरीत ओतायची नसतेच, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं, टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलेलं नसेल तर सरळ कुंड्यांना घाला, गच्चीवरचा मोगरा त्या पाण्यावर चांगला चालतो.